द पोलिस : तिघांमधली मोकळी जागा

कॅसेटवाला_ठाणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माळा आवरताना एक कॅसेट सापडली. ९० मिनिटांची, आतेभावाने मस्कतहून आणलेली. आतल्या कागदावर त्याच्या तिरक्या अक्षरात निळ्या शाईने एका बाजूला 'रेगाटा' आणि दुसऱ्या बाजूला 'सिंक्रो' एवढंच लिहिलेलं, द पोलिस या ब्रिटिश बँडच्या दोन आल्बमांची त्रोटक नावं. १९८६च्या मे महिन्यात तो सुट्टीला आला तेव्हा ती माझ्याकडे राहिली. मी ती इतकी वाजवली की 'वॉकिंग ऑन द मून'च्या सुरुवातीला फीत एका जागी चिमटली आणि तिथे आवाज क्षणभर बुडायचा. आज तेच गाणं तूनळीवर लख्ख ऐकताना माझा कान त्या जागी अजून थांबतो.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण मी ती कॅसेट ऐकत होतो त्याच उन्हाळ्यात हा बँड शेवटचे श्वास घेत होता. त्याबद्दल बरीच वर्षं लिहायचं मनात होतं.

द पोलिसमध्ये तीन माणसं. स्टिंग, म्हणजे गॉर्डन समनर, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या वॉल्सेंडचा. जहाजबांधणीचं गाव. हा शाळामास्तर होता आणि संध्याकाळी जॅझ वाजवायचा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालायचा म्हणून जॅझवाल्यांनी त्याला 'स्टिंग' नाव ठेवलं. ड्रमर स्ट्यूअर्ट कोपलंड हा अमेरिकन. बाप सीआयएमध्ये, त्यामुळे पोरगं कैरोत आणि बैरुतमध्ये वाढलं. गिटारवाला अँडी समर्स या दोघांपेक्षा जवळजवळ दहा वर्षांनी मोठा, १९४२चा जन्म. साठच्या दशकात सॉफ्ट मशीन, एरिक बर्डनचे अ‍ॅनिमल्स अशा बँडांचं बरंच पाणी प्यालेला.

१९७७च्या सुरुवातीला लंडनमध्ये कोपलंडने बँड काढला तेव्हा समर्स त्यात नव्हता. ऑन्री पादोवानी नावाचा कॉर्सिकाचा तरुण गिटार वाजवत होता आणि पहिली रेकॉर्ड 'फॉल आउट' त्याच्यासह निघाली. पंकचं वर्ष होतं ते. तीन स्वरगुच्छ (कॉर्ड), जोरात, दोन मिनिटांत गाणं खलास. स्टिंगच्या डोक्यात जॅझ, कोपलंडच्या हातात अरबी ठेके, आणि वाजवतायत पंक! मे महिन्यात पॅरिसच्या एका कार्यक्रमात समर्सची गाठ पडली. ऑगस्टपर्यंत पादोवानी बाहेर आणि समर्स आत. तिथून पुढे हा बँड खरा सुरू झाला असं मी मानतो.

आता जमैकाचा रेगे त्यात कुठून आला? लंडनच्या रॉक्सी क्लबात पंक बँड वाजायचे, पण दोन बँडांच्या मधल्या वेळात लावायला पंकच्या पुरेशा तबकड्याच नव्हत्या. मग तिथला डीजे डॉन लेट्स स्वतःकडच्या रेगेच्या तबकड्या लावायचा. पंकच्या पोरांच्या कानात जमैका असा शिरला. द पोलिसने मग ते दोन्ही एकाच गाण्यात बसवलं. कडव्यात रेगे, ध्रुवपदात धाडकन रॉक.

'रॉक्सॅन'चंच घ्या. स्टिंगने ते आधी ब्राझीलच्या बोसा नोव्हासारखं रचलं होतं. कोपलंडने ठेका फिरवला, वजन भलतीकडेच टाकलं, आणि गाणं लंगडत लंगडत पण ऐटीत चालायला लागलं. लेदरहेडमधल्या सरे साउंड स्टुडिओत, नायजेल ग्रे नावाच्या डॉक्टरने स्वतः उभारलेल्या जागेत, उसन्या १५०० पौंडांत सबंध आल्बम झाला. स्टुडिओत स्टिंग चुकून पियानोवर बसला, एक भलताच स्वरगुच्छ वाजला आणि तो हसला. ते हसू गाण्याच्या सुरुवातीला तसंच ठेवलंय. ऐका एकदा.

'रॉक्सॅन' एप्रिल १९७८ला आलं आणि पडलं. बीबीसीने वाजवलं नाही. मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. कंपनीचा पाठिंबा नसताना लेकर या कंपनीच्या स्वस्त विमानाने अमेरिका गाठली, वाद्यं हातात, एक गाडी भाड्याने, आणि गावोगाव वाजवत फिरले. पकिप्सी नावाच्या गावात समोर तीन-चार माणसं होती. तरी पूर्ण कार्यक्रम केला. वर्षभराने 'रॉक्सॅन' पुन्हा काढलं, ते ब्रिटनमध्ये बाराव्या क्रमांकाला पोचलं. सप्टेंबर १९७९मध्ये 'मेसेज इन अ बॉटल' पहिल्या क्रमांकावर, लगोलग 'वॉकिंग ऑन द मून'सुद्धा पहिलं. १९८०मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली सिंगल (एका गाण्याची तबकडी) 'डोन्ट स्टँड सो क्लोज टु मी', हीसुद्धा यांचीच.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो, मग तुम्ही भांडा. माझ्या मते या बँडचं सगळं मोल तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं. 'वॉकिंग ऑन द मून'मध्ये बास तीन-चार स्वर वाजवून गप्प बसतो. गिटारचा एक स्वरगुच्छ येतो आणि विरत जातो. ड्रम फक्त हाय-हॅटवर (पायाने उघडमीट होणारी जोडझांज) कुजबुजतो, त्याचा प्रतिध्वनी खोलीत फिरतो. अंगणात तीन माणसं लांब-लांब बसून गप्पा मारतायत असं वाटतं. पुढे हे अंगण भरत गेलं. लोक म्हणतात बँड शिखरावर असताना मोडला. माझ्या कानांना तो त्याच्या दोन वर्षं आधीच मोडायला लागला होता.

उरलेलं नंतर लिहितो. तोवर तुमचं येऊ द्या.

ठेका

काका, तबल्याचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. बत्तीस वर्षं वाजवतोय, शिकणं चालू आहे.

कोपलंड पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला सम सापडेना. खरंच सापडेना. आपल्याकडे समेवर वजन असतं, डग्गा घुमतो, श्रोत्याची मान तिथे हलते. तीनतालात नवव्या मात्रेला 'खाली' (बिनवजनाची जागा) येते तेव्हा डग्गा बंद होतो, आणि पुढे सम येणार याची ओढ त्या बंद डग्ग्यातूनच लागते. रेगेच्या ठेक्यात उलटं आहे. चार मात्रांतली पहिली मात्राच रिकामी आणि मोठा ड्रम तिसरीवर. म्हणजे यांनी समेवरच खाली टाकली! पाय आपटायला जावं तर खाली जमीन नाही.

कोपलंडचं वेगळेपण असं की रेगेचे वादक हे निवांत वाजवतात आणि हा माणूस तेच अंगात ताप असल्यासारखं वाजवतो. हाय-हॅटवर त्याच्या उजव्या हाताचं काम ऐका. एकही आवर्तन दुसऱ्यासारखं नाही. कुठे दोन बारीक घाव, कुठे झांज अर्धवट उघडी, कुठे छोट्या झांजेवर एकच टिचकी. आमचे गुरुजी म्हणायचे, ठेका धरणं म्हणजे दर वेळी तोच बोल नव्याने बोलणं. मला ते कोपलंडकडून जास्त कळलं.

त्याचा दोषही सांगतो. लय चढते. प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं ऐका, सगळी गाणी आल्बमपेक्षा जलद. स्टिंगची यावरून सतत कटकट असायची. गायकाला श्वास घ्यायला जागा मिळत नसेल तर तो चिडणारच. मी साथीला बसतो, दोन्ही बाजू मला कळतात.

नेव्हीनगर

धागा बघून आनंद झाला. यात मुंबईचा संबंध कुणी काढायच्या आत मीच काढते.

मार्च १९८०मध्ये द पोलिस मुंबईत वाजवून गेले आहेत. कुलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे ना, तिथल्या होमी भाभा सभागृहात. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या स्त्रियांच्या संस्थेने मदतनिधीसाठी कार्यक्रम ठेवला होता. तो बँडचा जगाचा दौरा होता. हाँगकाँग, मुंबई, कैरो, अथेन्स अशी गावं घेतली होती, जिथे तेव्हा रॉक बँड सहसा फिरकत नसत. त्या दौऱ्यावर पुढे माहितीपट निघाला, त्यात मुंबईचे तुकडे आहेत.

माझे मामा तेव्हा त्याच भागात राहायचे आणि ते गेले होते. ते सांगायचे ते आठवतं तसं लिहिते. सभागृह व्याख्यानं आणि नाटकं होतात तसलं, रांगांत बांधलेल्या खुर्च्या, नाचायला जागाच नाही. मामांना वाटलं होतं दहा-बारा जणांचा ताफा येईल. आले तिघं. "तीन माणसं, आणि आवाज मात्र भिंतीपर्यंत!" असं म्हणून ते हात पसरून दाखवायचे. मामा रॉकचे शौकीन मुळीच नव्हते. कुमार गंधर्वांचं गाणं सोडून दुसरं काही घरात लागत नसे. पण ड्रमवाल्याचं नाव काढलं की टेबलावर बोटं वाजवून दाखवायचे. गेल्या वर्षी ते गेले. कॅसेटवाला काका, तुमचं अंगणाचं वाक्य वाचलं आणि त्यांचे पसरलेले हात आठवले.

सहा_तारा

ठेका, 'समेवरच खाली' याला दंडवत. आता गिटारच्या बाजूने लिहितो, कारण समर्सचं नाव नेहमी मागे राहतं.

'मेसेज इन अ बॉटल'ची सुरुवात. ज्यांनी कधी वाजवायचा प्रयत्न केलाय त्यांची करंगळी अजून दुखत असेल. चौथा पडदा (फ्रेट), सहावा, आठवा, एकाच हाताच्या पंज्यात. सुरांच्या भाषेत सांगायचं तर तो गुच्छ आहे सा, प आणि वरचा रे. गंधार नाही! कोमल नाही आणि शुद्धही नाही. आणि पाश्चात्त्य कानाला 'हे दुःखी की आनंदी' हे गंधारच सांगतो. समर्सने तो काढूनच टाकला, पुढच्या तिन्ही स्वरगुच्छांतही हाच साचा. त्यामुळे गाणं ठाम काही न सांगता हवेत राहतं, आणि गंधाराची जागा स्टिंगच्या आवाजाला मोकळी मिळते.

याला वय लागतं. विशी-पंचविशीतल्या गिटारवाल्याने प्रत्येक फट भरली असती. समर्सचं तोवर १५ वर्षं सगळं वाजवून झालं होतं, शास्त्रीय गिटारचं शिक्षण झालं होतं, काय सोडायचं ते त्याला उमजलं होतं.

एक किस्सा. तिसरा आल्बम, 'झेन्याटा मोंडाटा', नेदरलँड्समध्ये चार आठवड्यांत उरकला, पुढचा दौरा तोंडावर होता म्हणून. त्यात समर्सची 'बिहाइंड माय कॅमल' नावाची वाद्यरचना आहे. स्टिंगला ती इतकी नावडली की त्याने त्यात वाजवायला नकार दिला. बासही समर्सनेच वाजवला. स्टिंगने टेप नेऊन स्टुडिओमागच्या बागेत पुरली, समर्सने ती उकरून काढली. त्या रचनेला पुढे ग्रॅमी मिळालं. लोक हे हसण्यासाठी सांगतात, मला मात्र वाईट वाटतं. एका माणसाची वर्षाकाठी एखाद-दुसरी रचना आल्बमवर जाते आणि तीही मातीत पुरली जाते. कडवटपणाची सुरुवात मी तिथे धरतो.

भटकंती_मिरज

छान चाललंय, पण एक प्रश्न मला सोडत नाही.

दुसऱ्या आल्बमचं नाव 'रेगाटा द ब्लांक', मोडक्या फ्रेंचमध्ये 'गोऱ्यांचा रेगे'. रेगे जमैकाच्या गरीब वस्त्यांतून आलेलं संगीत. ज्या १९७८ साली 'रॉक्सॅन' आलं, त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधल्या स्टील पल्स या बँडचा 'हँड्सवर्थ रेव्होल्यूशन' आल्बम आला. स्थलांतरितांची मुलं, स्वतःच्या रस्त्यावरचं जगणं गाणारी. तो आल्बम उत्तम आहे, पण जगाच्या शाळा-कॉलेजांत पोचले ते तीन सोनेरी केसांचे लोक. (केसही च्युइंगगमच्या जाहिरातीसाठी रंगवलेले, आणि ती जाहिरात कधी लागलीही नाही.) स्टिंग गाताना उच्चारही जमैकन काढतो. मला त्यांचं संगीत आवडतं, कॉलेजात पारायणं केली आहेत. तरीही लोककलेतली चाल उचलून शहरात नाव कमावणारे आपल्याकडेही पाहिलेत, त्यामुळे हे टोचतं.

कॅसेटवाला_ठाणे

भटकंती, टोचायलाच हवं. मी ते झटकणार नाही. बॉब मार्लीचं ऋण स्टिंगने उघडपणे मान्य केलेलं आहे, पण मान्य करणं वेगळं आणि कुणाला किती मिळालं ते वेगळं. माझ्यापुरतं सांगतो. ठाण्याच्या पोराला मार्ली सापडला तो या कॅसेटवरून मागे जात जात, आणि स्टील पल्स त्याच्याही नंतर. वाट उलटी होती, पण पोचलो.

संगीतापुरतं म्हणाल तर त्यांनी रेगे जसाच्या तसा वाजवला असता तर तो वाईट रेगे झाला असता. ठेका म्हणाले तसा तो ताप चढलेला, जॅझचे सूर असलेला, मधेच रॉक होणारा असा काहीतरी तिसराच प्रकार झाला. म्हणून टिकला.

आता उतार.

१९८१ला ते कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर गेले, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याच्या एअर स्टुडिओत. बरोबर ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅजम. आल्बम 'घोस्ट इन द मशीन', नाव आर्थर कोस्लरच्या पुस्तकावरून. पहिलं गाणं लावा. सुरुवातीलाच सिंथेसायझर, आणि पुढे गाण्यांमागून गाण्यांत सॅक्सोफोनचे थर, तेही स्टिंगनेच वाजवलेले. अंगणात सामान यायला लागलं.

सगळ्यांत बोलकं गाणं 'एव्हरी लिटल थिंग शी डझ इज मॅजिक'. स्टिंगने त्याचा कच्चा मसुदा कॅनडात आधीच करून आणला होता, पियानोसकट. बँडने बेटावर ते परोपरीने वाजवून पाहिलं, जमेना. शेवटी मसुद्याचीच टेप लावली आणि कोपलंड-समर्सनी त्यावर आपापलं वाजवलं. गाणं अफाट आहे, ब्रिटनमध्ये पहिलं आलं, मला आजही ते ऐकून उल्हास वाटतो. पण विचार करा. ज्या कोपलंडने 'रॉक्सॅन'चा ठेका फिरवून त्याचं गाणं बनवलं, तोच आता तयार टेपवर साथ करतोय. चर्चा संपली होती. गाणं खोलीत येईपर्यंत ठरून गेलेलं असायचं.

'सिंक्रोनिसिटी' या पुढच्या आल्बमच्या वेळी, १९८२च्या शेवटी, तिघं एकाच खोलीत वाजवतही नव्हते. कोपलंड वरच्या मजल्यावर जेवणघरात, समर्स स्टुडिओत, स्टिंग नियंत्रणकक्षात. म्हणायला कारण आवाज चांगला यावा हे. दोन आठवडे झाले तरी टेपवर धड काही उतरलं नव्हतं. पॅजम परत जायच्या बेतात होता. समर्स त्याच बेटावर राहणाऱ्या जॉर्ज मार्टिनकडे गेला, कारण बीटल्सचं मोडणं ज्याने जवळून पाहिलं त्या माणसाला विचारणार नाही तर कुणाला?

आणि आल्बम आला जून १९८३मध्ये. अमेरिकेत १७ आठवडे पहिला, मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला खाली उतरवून. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आठ आठवडे पहिलं. १८ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ७०,००० माणसं, जिथे १९६५ला बीटल्स वाजले होते. स्टिंगने पुढे सांगितलंय की याहून वर काही नाही, आता थांबावं, हे त्याला तिथेच वाटलं. पकिप्सीच्या त्या तीन-चार माणसांपासून इथवर यायला पाच वर्षंही लागली नाहीत.

उत्तररात्र

धागा अप्रतिम, पण 'सिंक्रोनिसिटी'ला उतार म्हणणं मला पटत नाही. सौम्य शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

'एव्हरी ब्रेथ यू टेक' ऐका हो. काका, तुम्ही मोकळ्या जागेबद्दल एवढं लिहिता, त्या गाण्यात आहेच काय दुसरं? गिटारची एक सरळ वेल, तिच्याखाली बास, आणि ड्रम अगदी साधा. स्टिंगच्या मसुद्यात ऑर्गनचा जाड थर होता. तो काढला, आणि 'तुला हवं ते वाजव' म्हणून समर्सला आत पाठवलं. त्याने एका दमात ती वेल वाजवली. म्हणजे सगळ्यांत वाईट भांडणाच्या दिवसांतही जागा मोकळी करणं त्यांना जमत होतं.

शिवाय ते गाणं प्रेमगीत नाही. पाळत ठेवणाऱ्या माणसाचं आहे. लग्नांत वाजवतात ते ऐकून अंगावर काटा येतो. स्टिंगचा संसार मोडत होता तेव्हाचं आहे ते. 'रॉक्सॅन'पेक्षा हे लिहिणारा माणूस किती तरी पुढे गेलेला आहे. वय वाढलं की बँड लहान पडतो, याला दुर्दैव कशाला म्हणायचं? पावसात भिजत झाड वाढलं आणि कुंडी फुटली.

ठेका

उत्तररात्र, कुंडीचं पटलं. फक्त त्या गाण्यातला 'साधा ड्रम' कोपलंडच्या मनाविरुद्ध आहे हे लक्षात घ्या. स्टिंगला सरळसोट हवा होता, कोपलंडला हाय-हॅटचं त्याचं नेहमीचं काम करायचं होतं. यावर दिवसेंदिवस वाद झाले. शेवटी ड्रमचे भाग सुटे सुटे घेतले गेले. ऐकताना मला त्या ड्रममध्ये हात बांधलेला माणूस दिसतो. साथीदाराला एकदा 'नुसता ठेका लाव' म्हटलं की तो लावतो. पण मग त्याच्याकडून दुसरं काही मागता येत नाही.

कॅसेटवाला_ठाणे

उत्तररात्र, 'एव्हरी ब्रेथ'पुरतं मी माघार घेतो. काल रात्री दिवे घालवून ऐकलं. मोकळी जागा आहे, आणि तुम्ही म्हणता तशी ती कमावलेली आहे. पण तरीही त्या जागेत मला एकच माणूस बसलेला ऐकू येतो.

शेवटाचं लिहायचं राहिलं. दौरा मार्च १९८४मध्ये ऑस्ट्रेलियात संपला. बँड मोडल्याचं कुणी जाहीर केलं नाही. १९८५ला स्टिंगने न्यूयॉर्कचे तरुण जॅझ वादक घेऊन स्वतःचा आल्बम केला. जून १९८६मध्ये मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीच्या मदतदौऱ्यात पोलिस शेवटचे तीन कार्यक्रम वाजले, आणि न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियममध्ये गाता गाता आपली वाद्यं यू टूच्या हाती दिली. तेव्हा तो सगळ्यांत मोठा होऊ घातलेला बँड होता. माझ्या कॅसेटचा उन्हाळा तो हाच.

त्यानंतर नव्या आल्बमसाठी स्टुडिओत जमले, आणि आदल्या दिवसांत कोपलंड घोड्यावरून पडला. गळपट्टीचं हाड मोडलं. वाजवणंच अशक्य. ज्या तिघांना एकत्र वाजवतानाच एकमेकांशी बोलता यायचं, त्यांचं वाजवणंच बंद झालं. मग ड्रमचं काम यंत्राकडे, आणि यंत्र कोणतं वापरायचं यावर स्टिंग-कोपलंडचं भांडण. हाती आल्या त्या जुन्याच गाण्यांच्या दोन नव्या आवृत्त्या. 'डोन्ट स्टँड सो क्लोज टु मी'ची १९८६ची आवृत्ती ऐका. जड, धूसर, दमलेली. बँड कुठे संपला याचं ते ध्वनिमुद्रण आहे.

सहा_तारा

आणि पैसा. गाण्याचा कर्ता म्हणून नाव स्टिंगचं, म्हणून मानधन त्याचं. 'एव्हरी ब्रेथ'ची ती गिटार १९९७मध्ये रॅपर पफ डॅडीने आपल्या गाण्यात जशीच्या तशी घेतली, जगभर गाजली. वाजवलेली समर्सने, पण लेखनाचा हक्क त्याच्या नावावर नाही. कायद्याने शब्द आणि चाल म्हणजे गाणं. मग 'रॉक्सॅन'चा फिरवलेला ठेका, गंधार काढलेले स्वरगुच्छ, हे काय नुसतं सजावटीचं काम? २०२५मध्ये समर्स आणि कोपलंड मानधनावरून लंडनच्या हायकोर्टात गेले. चाळीस वर्षांनी. आपल्याकडे संगीत संयोजकांची आणि वादकांची हीच कहाणी आहे, म्हणून हे वाचताना घशाशी येतं.

एडिसनकर

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहावंसं वाटलं.

२००७-०८चा पुनर्मिलनाचा दौरा झाला, त्याचा शेवटचा कार्यक्रम ७ ऑगस्ट २००८ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. मी आणि बायको वरच्या टोकाच्या खुर्च्यांत होतो. तिकिटं परवडणारी नव्हतीच, पण मी तिला म्हटलं, हे परत नाही.

एकच क्षण सांगतो. 'रॅप्ड अराउंड युअर फिंगर'ला कोपलंड ड्रम सोडून मागे उभ्या केलेल्या घंटा, झांजा आणि थाळ्यांच्या जंगलात जायचा, तिथे बारीक काम करायचा, आणि ध्रुवपदाला झेप घेऊन परत ड्रमवर. त्या रात्री तो धावत येत होता तेव्हा स्टिंगने मागे वळून पाहिलं आणि मोकळेपणाने हसला. मोठ्या पडद्यावर दिसलं ते. समर्स ६५चा, मान खाली घालून वाजवत होता. बायकोने माझा दंड धरला. तिला हे संगीत फारसं ठाऊक नव्हतं, पण ती म्हणाली, "हे तिघं भांडलेले भाऊ दिसतायत." नवं गाणं या दौऱ्यात एकही आलं नाही. मला त्याची खंत वाटली नाही.

नेव्हीनगर

जानेवारी २०२४मध्ये स्टिंग महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गायला, लोलापलूझा या संगीत महोत्सवात. मी लेकीबरोबर गेले होते. ७२ वर्षांचा माणूस, बासचा रंग उडालेला, आवाज शाबूत. माझ्या शेजारची विशीतली मुलं 'मेसेज इन अ बॉटल'ला उड्या मारत होती. बँड उत्तम होता, ड्रमवाला काटेकोर. लय जराही चढली नाही. आणि ठेका, तुमचं वाचल्यावर लक्षात येतंय की मला तिथे काय चुकल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन लेकीला मामांचे पसरलेले हात करून दाखवले.

भटकंती_मिरज

मॉन्टसेराटचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो स्टुडिओ आता नाही. १९८९च्या ह्यूगो वादळाने तो मोडला आणि १९९५पासून बेटावरचा ज्वालामुखी जागा झाला. राजधानी राखेखाली गेली, बेटाचा मोठा भाग अजून बंद आहे. जिथे तिघं तीन खोल्यांत बसून वाजवत होते त्या इमारतीची छायाचित्रं पाहिली. पोहण्याच्या तलावात झाडं उगवली आहेत.

ठेका

काल क्लासमध्ये एक प्रयोग केला. अकरावीतला एक विद्यार्थी आहे, हात तयार, पण सगळं भरून टाकतो, श्वासच घेत नाही. त्याला 'वॉकिंग ऑन द मून' ऐकवलं आणि म्हटलं, यावर केरवा लाव, पण पहिली मात्रा वाजवायची नाही. पाच-सहा वेळा हात आपोआप पडला. सातव्या वेळी त्याने हात डग्ग्यावर नेला आणि वरच धरून ठेवला. डोळे मिटलेले होते.

काका, त्या चिमटलेल्या फितीचं डिजिटल करून ठेवा. आवाज बुडतो त्या जागेसकट.

कॅसेटवाला_ठाणे

ठेका, आतेभावाला फोन केला होता. त्याच्याकडे अजून चालू टेपरेकॉर्डर आहे. रविवारी जातोय.